अब्बांच्या खिशातली चिठ्ठी

दोन वर्षांपूर्वी रमजान ईद होऊन आठवडा झाला आणि अब्बांच्या पायाचा अंगठा सुजला. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड वाढलेलं. डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल ही गोळी लिहून दिली. रात्री जेवण झालं की ती अब्बांच्या हातावर ठेवायची, हे काम माझं.

विसाव्या दिवशी त्यांच्या छातीवर आणि पाठीवर लाल पुरळ आलं. अम्मी म्हणाली, "काल वांगं खाल्लं ना, पित्त उठलंय." आमसुलाचं पाणी लावलं. शेजारच्या खालांनी कडुनिंबाचा पाला आणून दिला. वीस दिवस गोळीने काही झालं नाही, मग आता तिचा काय दोष, असं मला वाटलं. त्या रात्री मी गोळी दिली. दुसऱ्या रात्रीही दिली.

तिसऱ्या दिवशी फजरला अब्बा उठलेच नाहीत. अंग तापलेलं, डोळे लाल, ओठांच्या आत फोड. पाण्याचा घोटही गिळवेना. मिरजेला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत कोणतं नवीन औषध सुरू केलं?" माझ्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट होतं. ते दाखवताना माझा हात थरथरत होता.

गोळी त्याच क्षणी बंद झाली. अब्बा नऊ दिवस दवाखान्यात होते. अल्लाहच्या कृपेने कातडी सोलण्यापर्यंत वेळ गेली नाही. मी रडत होते तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. असा त्रास फार थोड्या लोकांना होतो. पण झाला तर तो बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच होतो, पहिल्या गोळीला होईलच असं नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका जास्त. म्हणून ही गोळी थोड्या मात्रेने सुरू करतात आणि पुरळ दिसताच थांबवतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. अब्बा पुण्याला भाईजानकडे गेले असताना अंगठा पुन्हा दुखू लागला. मेडिकलवाल्याने युरिक ॲसिडची गोळी दिली. पाकिटाचा रंग वेगळा, कंपनीचं नाव वेगळं. भाभींनी मला फोन केला. मी म्हटलं, "भाभी, मोठं नाव सोडा, बारीक अक्षरातलं वाचा." त्यांनी अडखळत वाचलं, "ॲलोप्युरिनॉल." गोळी अब्बांच्या हातात होती.

त्या दिवसापासून अब्बांच्या कुर्त्याच्या खिशात एक चिठ्ठी असते. त्यावर औषधाचं मूळ नाव, त्रास झाला ते साल आणि आमचे फोन नंबर. उमऱ्याला गेले तेव्हा तीच चिठ्ठी पासपोर्टच्या पिशवीत होती.

भगिनींनो, घरात औषध देणारा हात बहुतेक वेळा आपलाच असतो. नवीन गोळी सुरू झाली की तारीख लिहून ठेवा. अंगावर पुरळ आलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. फिट्स किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, तेही त्यांनाच विचारा. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, लाल डोळे, चेहऱ्यावर सूज किंवा कातडीची आग असेल, तर सकाळची वाट पाहू नका. पाकीट घेऊन थेट दवाखाना गाठा. औषधाचा असा त्रास सरकारच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतो. रुग्णाच्या घरच्यांनाही कळवता येतो.

आपल्या दीनमध्ये इलाज करून घ्यायला सांगितलं आहे, आणि शरीर ही अमानत मानली आहे. मग दवा डोळे उघडे ठेवून देणं हाही त्या अमानतीचाच भाग.

अब्बा आता कोणतीही गोळी तोंडात टाकण्याआधी पाकीट माझ्यापुढे धरतात. "बेटा, बारीक अक्षरं वाच." मी वाचते. मग ते बिस्मिल्लाह म्हणतात.