कुणी केलं? की कुठे अडलं?

मंडळी, एखादं यंत्र बंद पडलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणी हात लावला होता?" मग मिक्सर असो, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर असो नाहीतर कॉम्प्युटर. शेवटचा जो त्याच्याजवळ दिसला तो गुन्हेगार! यंत्र बंदच राहतं आणि घरात बोलाचाली मात्र जोरात सुरू होते. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आज त्यावर थोडं लिहायचं ठरवलं.

आधीच सांगते, मी इंजिनियर वगैरे नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली, बारामती तालुक्यात जन्मभर व्याकरण आणि निबंध शिकवलेली बाई. २००१ साली आपल्याकडे एमएस-सीआयटीचा कोर्स सुरू झाला, आणि पुढे आम्हा शिक्षकांनाही तो करावा लागला. पन्नाशी ओलांडल्यावर मुलांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून मी तो केला, आणि गंमत म्हणजे मला तो आवडला! त्यामुळे शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा "बाईंना येतं" म्हणून तो तास माझ्याकडे आला. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बऱ्याच शाळांत घडलेलं असणार.

साल २००४-०५ असेल. खोलीला नवा रंग, दारात चपलांची रांग, कॉम्प्युटरवर झालरीची आवरणं, पहिल्या दिवशी हळद-कुंकू आणि नारळ. इथवर छानच. पण पुढे खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली ऑफिसच्या खणात गेली. "बिघडलं तर कोण भरून देणार?" हा प्रश्न. दहा कॉम्प्युटरपैकी मुलांच्या हाताला लागायचे तीन-चार, तेही वर्गातल्या हुशार मुलांच्या. मुली मागे उभ्या राहून बघायच्या. त्यात भारनियमनाचे दिवस. वीज कधी यायची, कधी जायची, आणि येताना झटका देऊन यायची. उसाच्या दिवसांत रस्त्याची धूळ खिडकीतून आत. न वापरताच त्यातले काही कॉम्प्युटर बंद पडले. वापरून बिघडले असते तर निदान पोरं शिकली तरी असती!

दुरुस्तीला बारामतीहून मोटारसायकलवर एक मुलगा यायचा. खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक ब्रश. त्याचं काम बघत बसायला मला आवडायचं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा मुलगा कधीच विचारायचा नाही की कुणी केलं. तो विचारायचा, "बाई, दिवा लागतोय का? पंखा फिरतोय का? आवाज येतोय का?" आणि एकेक पायरी पुढे जायचा.

हे मला ओळखीचं वाटलं. आमचा हा सगळा भाग नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला. रात्रीची पाळी असते. दारं धरणारा माणूस शेवटच्या वाफ्यापाशी उभा असतो आणि पाणी काही येत नाही. तेव्हा तो कुणाला शिव्या देत बसत नाही (म्हणजे देतो, पण चालता चालता!). बॅटरी घेऊन पाटाच्या कडेकडेने वर जातो. इथं पाणी आहे का? नाही. आणखी वर. इथं? आहे. म्हणजे फुटलंय ते या दोन जागांच्या मध्ये. तिथं खेकड्याने बीळ पाडलेलं असतं आणि पाणी शेजारच्या रानात चाललेलं असतं. चार खोरी माती ओढली की झालं काम.

कॉम्प्युटरचं अगदी असंच आहे. बोर्डात वीज आहे का? यूपीएसचा दिवा लागला का? डब्यातला पंखा फिरतो का? पंखा फिरतोय पण पडदा काळा, आणि टूं-टूं आवाज येतोय, तर बऱ्याचदा रॅमची पट्टी जागेवर नीट बसलेली नसते किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ साचलेला असतो. तो मुलगा वीज पूर्ण बंद करून पट्टी काढायचा आणि माझ्याकडे हात पुढे करायचा, "बाई, खोडरबर!" पेन्सिलीचा साधा खोडरबर. त्याने ती कड हलकेच पुसायची, कण झटकायचे, पट्टी परत खटकन आवाज येईपर्यंत दाबायची, की पडदा उजळला. जन्मभर पोरांना खोडरबर जपून वापरा म्हणत आले, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दुसरं उदाहरण. कॉम्प्युटर रोज सुरू करताना तारीख काही वर्षं मागची दाखवतो आणि एखादं बटण दाबायला सांगतो. ऑफिसात कुजबूज, "कुणीतरी तारीख बदलतंय." कुणी बदलत नव्हतं. आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणारा. तो संपला होता. थोड्या पैशांचा सेल, आणि संशय मात्र चार जणांवर!

आता व्हायरस. २००७-०८ च्या सुमारास पेन ड्राइव्ह स्वस्त झाले आणि घरोघरी, शाळाशाळांत व्हायरसची साथ आली. आमच्या खोलीत एके दिवशी प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर दिसायला लागलं. उघडायला जावं तर उघडत नाही, आणि कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाल्यासारखा रेंगाळतो. नववीतला एक मुलगा आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन आला होता. झालं! "त्यानंच केलं." सगळ्यांसमोर त्याला उभं केलं, वडिलांना बोलवायचं ठरलं. वडील ऊसतोडीच्या टोळीवर. पोरगा एवढंच म्हणाला, "बाई, मी नाही केलं," आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायचा बंद झाला.

मी पाटाच्या कडेने वर चालायचं ठरवलं. ते नवं फोल्डर खरं फोल्डर नव्हतंच. तो एक प्रोग्राम होता, फोल्डरचं चित्र अंगावर घेऊन बसलेला. नावाच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' होतं, पण विंडोज ओळखीच्या फाइलींचं हे शेपूट आपणहून लपवून ठेवतं. सेटिंगमध्ये जाऊन ते दाखवायला सांगितलं की सोंग उघडं पडतं. मला हे लगेच पटलं, कारण मराठीत सगळं प्रत्ययावरच तर आहे! 'रामाने' आणि 'रामाला' यांतला प्रत्यय झाकला तर मारणारा कोण आणि मार खाणारा कोण, कळणार कसं? ४ मे २००० रोजी जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरस याच जोरावर पसरला होता. प्रेमपत्र म्हणून आलेल्या फाइलचं खरं शेपूट लोकांना दिसतच नव्हतं.

मग एकेका कॉम्प्युटरवर त्या खोट्या फाइलींच्या तारखा पाहिल्या. आमच्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या फाइल त्या मुलाच्या पेन ड्राइव्हच्या आठ दिवस आधीच्या होत्या. आणि त्याच्याही आधीच्या निघाल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जिथून आम्हीच प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर घालून खोलीत नेत होतो. म्हणजे त्या पोराच्या पेन ड्राइव्हला रोग आमच्याकडून लागला होता! मी तारखा कागदावर लिहून मुख्याध्यापकांपुढे ठेवल्या. एक सहकारी म्हणाले, "बाई, जाऊ द्या ना आता, कशाला वाढवता?" वाढवायचं नव्हतंच. पोराला परत आणायचं होतं. संध्याकाळी मी टोळीच्या कोपींवर गेले आणि त्याच्या आईला सांगितलं, "तुमच्या मुलाने काही केलेलं नाही. आमच्या ऑफिसातूनच आलं ते." तो आला परत. पण पुन्हा कधी कॉम्प्युटरच्या तासाला पुढच्या बाकावर बसला नाही. व्हायरस एका दुपारी निघाला. हे मात्र नाही निघालं.

व्हायरस काढणाऱ्यांत आपली मराठी माणसंही आहेत बरं का. पुण्याचे कैलास आणि संजय काटकर हे दोघे भाऊ. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत पुन्हा पुन्हा व्हायरस सापडायला लागले, तेव्हा धाकट्या संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. १९९० च्या दशकातली ही गोष्ट. तेच पुढे क्विक हील झालं. आणि २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधली पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोयच बंद करून टाकली. पाट कुठे फुटतो ते कळलं, म्हणून बंदोबस्त करता आला.

प्रोजेक्टरची गोष्ट तर प्रत्येक शाळेची. पाहुणे येऊन बसलेत, हार-तुरे झालेत आणि पडद्यावर निळ्या रंगात 'नो सिग्नल'! मी निवृत्त झाल्यावर एका कार्यक्रमात हे घडलं. जिच्याकडे लॅपटॉप होता त्या तरुण शिक्षिकेला व्यासपीठावरूनच कुणी तरी म्हणालं, "आधी बघून ठेवता येत नाही का?" तिचे हात थरथरायला लागले, आणि थरथरत्या हातांनी केबल काही नीट बसत नाही. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "अगं, चल, एका टोकापासून बघू." लॅपटॉपच्या टोकाला केबल घट्ट? हो. प्रोजेक्टरच्या टोकाला? हो. जुन्या निळ्या केबलला पंधरा पिना असतात, त्यातली एखादी वाकलेली नाही ना? नाही. प्रोजेक्टरवर 'सोर्स' कोणता निवडलाय? तिथं दुसऱ्याच खोबणीचं नाव होतं! ते बदललं. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून 'डुप्लिकेट' निवडलं, की आलं चित्र. सगळं मिळून दोन मिनिटं. चित्र वर रुंद आणि खाली अरुंद दिसलं तर 'कीस्टोन' फिरवायचं, आणि जुना दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर संपल्यावर पंखा थांबेपर्यंत वायर उपटायची नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ झालं.

आता म्हणाल, बाई, हे जुनं पुराण कशाला? प्रोजेक्टर गेले, भिंतीवर मोठाले टीव्ही आले, आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळाला. सगळं खरं. पण तो पहिला प्रश्न अजून तोच आहे, आणि आता तो फार महाग पडतोय.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका भाऊजींच्या फोनवर लग्नाची पत्रिका आली. पत्रिका म्हणून उघडली. तिच्या शेवटी 'डॉट एपीके' होतं, म्हणजे ते एक ॲप होतं. पुन्हा तोच झाकलेला प्रत्यय! अशी ॲप फोनमध्ये शिरून मेसेज वाचतात, बँकेचा ओटीपीही. तासाभरात पैसे गेल्याचा मेसेज आला. भाऊजींना कळलं होतं काय झालंय ते. पण ते चार दिवस कुणाशीच बोलले नाहीत. का, तर मुलगा म्हणेल, "कुणी सांगितलं होतं हात लावायला?" चौथ्या दिवशी जेवण सुटलं तेव्हा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, पोराला सांगू नका." उसाच्या बिलाचे पैसे होते ते.

अशा वेळी पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतो, फुटलेल्या पाटासारखा. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन केला तर तो वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. चार दिवसांनी रान सगळं भिजून गेलेलं असतं. भाऊजींचे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यांना लुबाडलं चोरांनी, पण ते चार दिवस गेले घरातल्या त्या एका वाक्याच्या धाकाने.

म्हणून माझ्या भाचे-पुतण्यांना, सुनांना आणि परगावी असलेल्या नातवंडांना सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन आला की "काहीतरी बिघडलंय", तर पहिल्यांदा विचारा, "आत्ता पडद्यावर काय दिसतंय?" पैशाचं असेल तर फोनचं इंटरनेट बंद करायला सांगा, बँकेला कळवा, १९३० लावा. मग त्या ॲपचं बघा. रागवायचं असेल तर त्यानंतर भरपूर वेळ आहे.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच, की लपवू नका. आमच्याकडे मी जाड अक्षरात १९३० लिहून कागद भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवलाय. भाऊजींच्या घरीही एक लावून आले. त्यांच्या मुलाला शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं. तो काही बोलला नाही. शेजारी बसला आणि म्हणाला, "आण्णा, फोन द्या, बघू कुठनं आलंय."