गोधडीखालचा पहारा

बमरोली, सुरत
रविवार, रात्री

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, मी मुळातच आळशी. रात्री झोपत नाही नि सकाळी उठवत नाही." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पाचवीत असताना पाणी भरून, दळण आणून मग शाळा गाठणारा पोरगा आळशी? हा शब्द पुन्हा काढायचा नाही. आणि ती मित्राच्या पाकिटातली झोपेची गोळी आधी बंद. डॉक्टरांनी ती त्याला दिली आहे, तुला नाही.

तुझी झोप पुण्यात मोडलेली नाही रे, ती इथेच मोडली. एका खोलीत सहा जण, भिंतीपलीकडे लूमची खटखट, माझ्या दादाची, म्हणजे तुझ्या बाबांची, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, बारा-बारा तासांची. तो दिवसा झोपला की तुम्ही पोरं जिन्यावर गप्प बसायची. पगाराच्या रात्री काय व्हायचं ते मी सांगायला नको. अशाच एका रात्री मी मुक्कामाला होते. वहिनीचा आवाज चढला आणि माझं लक्ष तुझ्याकडे गेलं. डोळे मिटलेले, श्वास संथ. पण गोधडीबाहेर आलेली पायाची बोटं घट्ट आखडलेली. सात वर्षांचं लेकरू झोपेचं सोंग घेऊन पहारा देत होतं. मी तुला जवळ घ्यायला हवं होतं, घेतलं नाही.

झोप यायची तर शरीराला आधी निर्धास्त व्हावं लागतं. लहानपणी रात्रच धास्तीची असेल, तर जागं राहायची सवय अंगात मुरते आणि धोका सरला तरी सुटत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. ज्यांच्या घरात लहानपणी भांडणं जास्त, त्यांच्यात अठराव्या वर्षी निद्रानाशही जास्त दिसला. सगळ्यांचं तसं होतं असं नाही, पण ते वाचताना मला तूच दिसत होतास.

2020 च्या टाळेबंदीत लूम थांबले तेव्हाचं आठवतं? आजी रात्रभर उठून बसायची, म्हणायची, या शांततेनं छातीत धडधडतं. मग होस्टेलच्या सामसुमीत तुला झोप लागत नाही याचं नवल ते काय!

शाळेत पहिल्याच तासाला डुलक्या घेणारी पोरं मी तीस वर्षं पाहतेय. सुरुवातीला मीही छडी उगारली, आज त्याचं वाईट वाटतं. लेकराला भाकरीइतकीच रात्र लागते, हे मी पालकसभेत घसा फोडून सांगते. कायद्यानं रात्री दहा ते सहा वस्तीत आवाज 45 डेसिबलच्या वर जायला नको. इथे कोण मोजतंय? आणि घरातला आवाज तर कुणीच मोजत नाही. भांडायचंच असेल तर पोरांना दुसरीकडे निजवून भांडा. पगारात बाराशे रुपये कमी आले म्हणून लेकराची रात्र का घ्यायची?

असो, भरकटले. तू एवढं कर. कितीही जागलास तरी उठायची वेळ एकच ठेव. झोप आली तरच आडवा हो. वीसेक मिनिटं तळमळलास तर उठून बस, मोबाइल न घेता. चहा दुपारनंतर नको. लांबलेल्या निद्रानाशावर सवयी बदलण्याचा उपचार गोळ्यांच्या आधी करतात. तो करणाऱ्या डॉक्टरांना भेट. तोवर मन फारच घाबरलं तर 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

दादाला मी काही सांगितलेलं नाही. तोही हल्ली पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतो. आमच्या बापाच्या घरातही रात्री अशाच होत्या, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

रात्री दोन वाजता जाग असेल तर मला फोन कर. मी उचलीन. गोळी टाकून दिलीस का, तेवढं उद्या कळव.

तुझी,
आत्या