तिथी नसलेले पितर

सोलापूरकराला हुतात्मा हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले, आणि तेव्हापासून ही नावे आमच्या गावात एका दमात उच्चारली जातात. ‘चार पुतळे’ हा तर इथे पत्ता सांगण्याचा शब्द झाला आहे. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांची समाधी शिजियाझ्वांग शहरात आहे. घरापासून हजारो मैलांवर असली, तरी समाधी आहे आणि मृत्यूचा दिवसही ठाऊक आहे. शोकाला टेकायला एवढा आधार पुरतो.

ज्या मृत्यूला एवढाही आधार नसतो, त्याविषयी मला लिहायचे आहे. युद्धात बॉम्बफेकी विमान घेऊन गेलेला माणूस परत आला नाही, म्हणजे नेमके काय झाले, हे बहुधा कुणालाच पाहता येत नाही. बॉम्ब टाकायचे ते शत्रूच्या मुलखात, पुष्कळदा रात्री. विमान पडते ते त्याच मुलखात, जंगलात किंवा समुद्रात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘बॉम्बर कमांड’मधील सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मेले. ब्रिटन आणि वायव्य युरोपातील तळांवरून उडालेल्या आणि कबर नसलेल्या वीस हजारांहून अधिक वैमानिकांची व विमानसैनिकांची नावे लंडनजवळच्या रनीमीड येथील स्मारकावर कोरली आहेत. पूर्वेकडच्या युद्धात असेच नाहीसे झालेल्यांची नावे सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. तिथे देह नाही, फक्त अक्षरे आहेत.

आमच्या घरात असे एक नाव होते. आजीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझ्या वडिलांचा मामा, युद्धकाळात हवाई दलात गेला. भारतीय हवाई दलाची ७ आणि ८ क्रमांकाची पथके तेव्हा ‘व्हेंजन्स’ जातीची, सूर मारून बॉम्ब टाकणारी विमाने घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढत होती. त्यांतल्याच एका विमानातून तो १९४४ मध्ये गेला तो गेलाच. तार आली, तीत ‘बेपत्ता’ असा शब्द होता.

त्याची तसबीर दिवाणखान्यात कधी लागली नाही, ती माजघरात असे. त्याचे कारण मला फार उशिरा उमगले. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, तो ज्यांनी अनुभवला त्या पिढीच्या घरातला मुलगा त्याच सरकारचा गणवेश चढवून गेला होता. त्याला हुतात्मा म्हणावे, तर चार पुतळ्यांसमोर जीभ अडखळे. न म्हणावे, तर पोटचा मुलगा गेलेला. खरे पाहता कोटणीस ज्या जपानी आक्रमणातील जखमींवर चीनमध्ये शस्त्रक्रिया करीत होते, त्याच जपानी सैन्याशी हाही लढत होता. पण एकाच्या हातात शस्त्रक्रियेची सुरी होती आणि दुसऱ्याच्या हाताशी बॉम्ब सोडण्याची कळ. हा फरक लहान नाही. वरून पडणारा बॉम्ब खाली कुणाचे माजघर आहे हे विचारीत नाही. घरातल्या वैमानिकाचे स्मरण करताना ही गोष्ट वगळली, तर ते स्मरण अर्धेच राहील.

शास्त्राने अशांसाठी सोय केलेली आहे. शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध, त्यांची तिथी कोणतीही असो, भाद्रपद वद्य चतुर्दशीला करावे असे सांगितले आहे. आमच्याकडे त्या दिवशी एक पान अधिक मांडले जाई. श्राद्धाच्या स्वयंपाकाला लसूण वर्ज्य, तरीही आजी त्या पानात शेंगाची चटणी वाढायची, लसूण घालून केलेली, रोजच्यासारखी. गुरुजींनी एकदा हटकले. ती म्हणाली, “तो गेला असं तुम्हाला कुणी सांगितलं? आला तर आधी हेच मागेल.” श्राद्धही करायचे आणि जेवायला वाटही पाहायची, यात तिला विसंगती दिसत नव्हती. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधीने दहन करावे, असाही मार्ग होता. तो तिने कुणाला स्वीकारू दिला नाही.

तिचा हट्ट हा एका जुन्या काळातील बाईचा भाबडेपणा, असे मी समजत असे. दमयंती तांबे यांच्याविषयी वाचल्यावर तसे समजणे थांबले. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ विमान घेऊन पाकिस्तानातील शोरकोटच्या धावपट्टीवर हल्ला करायला गेले आणि परतले नाहीत. लग्नाला दीड वर्ष झाले होते. ढाक्याच्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे छापून आली, त्यांत ‘टॉम्बे’ असे एक नाव होते. एका वृत्तपत्रातल्या त्या एका नावाने पुढची सगळी वर्षे बदलली. दमयंती स्वतः बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. बेपत्ता ठरलेल्या चोपन्न युद्धकैद्यांच्या यादीसाठी त्या आणि इतर कुटुंबे दारोदार फिरली. आपल्याकडे असे कैदी नाहीत, हे पाकिस्तानचे उत्तर कायम राहिले. जून २००७ मध्ये चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू दिले गेले. त्या पथकात दमयंतीही होत्या. कुणी सापडले नाही.

सात वर्षे खबर नसेल तर माणूस मेला असे कायदा गृहीत धरतो. शास्त्र बारा वर्षे थांबते. इथे छत्तिसाव्या वर्षी एक बाई परक्या देशाच्या तुरुंगात चेहरे न्याहाळीत होती.

‘बलिदान’ हा शब्द आपण या कुटुंबांना मोठ्या आदराने देतो. पण तो दिला की हिशेब मिटतो. बलिदान म्हटले म्हणजे मृत्यू झाला, तो स्वीकारला गेला, त्याचा अर्थ लागला. हिशेब मिटला की शोध घेण्याची जबाबदारीही संपते, आणि ते सरकारांना सोयीचे असते. बॉम्बफेकी कॅनबेरा विमाने आपल्या हवाई दलात १९५७ ते २००७ अशी पन्नास वर्षे होती. त्यांच्या एका प्रकारात वैमानिकाला हवेत बाहेर फेकणारे आसन होते, पुढच्या नाकाडात बसणाऱ्या मार्गदर्शकाला ते नव्हते, त्याने दारातून उडी घ्यायची. अशा यंत्रात रात्रीच्या रात्री जाऊन बसणाऱ्यांच्या धैर्याला कुठल्याही शब्दाची भर नको. त्यांच्या घरच्यांना मात्र ते कुठे, कधी आणि कसे संपले याचे उत्तर हवे असते. ते मिळेपर्यंत त्यांना हुतात्मा म्हणायचे की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या घराचा. आपण नावे लक्षात ठेवावीत, आणि यादीतला ‘बेपत्ता’ हा शब्द खोडण्याची घाई करू नये.