टेक्सासच्या जत्रेत एक दिवस

गेल्या ऑक्टोबरात मला अमेरिकेतील डॅलस शहर पाहण्याचा योग आला. योग म्हणण्याची आपल्याला सवय आहे. खरे म्हणजे नागसेनवनातील वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र तेथे नोकरीला आहे. त्याने अनेक वर्षे आग्रह धरला, अर्धे तिकीट काढले आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी पतसंस्थेचे कर्ज घेतले. तिसरा मित्र ह्यूस्टनहून गाडी घेऊन आला. वसतिगृहात एका डब्यात जेवणारे आम्ही तिघे वीस-बावीस वर्षांनी एका ठिकाणी जमलो.

"उद्या तुला जत्रा दाखवतो," यजमान मित्र म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, जत्रा-खेत्रा आमच्या आजोबांनी 1956 सालीच सोडल्या, आणि तू मला सातासमुद्रापार बोलावून जत्रा दाखवतोस?"

पण ही जत्रा देवाची नव्हे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये दरवर्षी शेती, जनावरे आणि करमणूक यांचा असा मोठा मेळा भरवतात. टेक्सासचा मेळा 1886 पासूनचा. सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि चोवीस दिवस चालतो. फेअर पार्क नावाचे त्याचे मैदान 277 एकरांचे आहे. आम्ही लोकल रेल्वेने गेलो, स्टेशन दारातच आहे. आत शिरलो तर समोर 55 फुटी गुराख्याचा पुतळा, 'बिग टेक्स'. तो तोंड हलवून लोकांना नमस्कार-चमत्कार करतो. जुना पुतळा 2012 साली जत्रा चालू असतानाच जळाला, पुढच्या वर्षी नवा उभारला.

आत खाणे आणि पाळणे यांना पैसे चालत नव्हते, आधी कूपने घ्यावी लागली. कारकुनाच्या सवयीने हिशेब माझ्याकडे आला. काडीला सॉसेज टोचून, मक्याच्या पिठात बुडवून तळतात, त्याला कॉर्न डॉग म्हणतात. मला तो आपल्या बटाटेवड्याचा चुलतभाऊ वाटला, फक्त मिरची विसरलेला. जनावरांच्या शेडमध्ये मात्र आम्ही तासभर रमलो. शाळकरी मुले-मुली आपण वाढवलेले खोंड, मेंढ्या, डुकरे घेऊन येतात. एक मुलगी खोंडाला धुऊन चक्क ड्रायरने त्याचे केस वाळवत होती. इनाम मिळालेली जनावरे पुढे लिलावात जातात. ह्यूस्टनवाला म्हणाला, "आपण जन्मभर दुसऱ्यांची गुरे राखली, एकदाही कोणी आपल्याला इनाम दिले नाही." आम्ही हसलो, पण त्याचे वडील सालगडी होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुपारी ऊन फार झाले म्हणून मैदानातच असलेल्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात शिरलो. सावलीसाठी गेलो आणि तिथेच अडकलो. 1936 साली टेक्सासच्या शताब्दीचे प्रदर्शन याच मैदानात भरले, तेव्हा काळ्या लोकांच्या जीवनावर एक दालन उभारले होते. शताब्दीच्या इतर अनेक इमारती राहिल्या, हे दालन थोड्याच काळात पाडले. त्याआधी 1923 साली तर याच जत्रेत एक दिवस कु क्लक्स क्लॅनच्या नावाने साजरा झाला होता.

टेबलाशी बसलेल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी आम्ही कुठले ते विचारले. मग म्हणाल्या, त्यांची आई लहानपणी जत्रेला वर्षातून एकच दिवस येऊ शके. त्या दिवसाला 'निग्रो अचीव्हमेंट डे' म्हणत. बाकी दिवस गोऱ्यांचे. 1953 पासून रोज आत येण्याची मुभा मिळाली, पण काही पाळणे आणि खानावळी तरीही बंदच. तेव्हा ज्युआनिटा क्राफ्ट या कार्यकर्तीने तरुण मुलांना घेऊन 1955 च्या ऑक्टोबरात त्या खास दिवशीच दारावर निदर्शने केली. एका पाळण्याच्या फेरीसाठी स्वाभिमान विकू नका, असे मुलांच्या हातातल्या फलकांवर होते. या बाई एकेकाळी हॉटेलात मोलकरणीचे काम करत. पुढे 1975 साली त्या डॅलसच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून या लोकांच्या प्रश्नाचे आणि आपल्या प्रश्नाचे साम्य सांगितले होते. ते मी भाषणात कितीदा तरी सांगितले आहे. पण त्या बाई "माझी आई" म्हणाल्या तेव्हा मला आबा आठवले.

आबांच्या लहानपणी गावच्या जत्रेत लाकडी पाळणा येई. आमच्या वस्तीतली पोरे दिवसभर लांब उभी राहत. दिवेलागणीला गर्दी ओसरली की पाळणेवाला त्यांना हाक मारी, एक शेवटची फेरी देई आणि मग जागा पाण्याने धुऊन काढी. आबा हे रागाने सांगत नाहीत, जणू हवामानाची गोष्ट सांगावी तसे सांगतात.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, आता पाळण्यात बसायचे. तिथला 'टेक्सास स्टार' 212 फूट उंच आहे. माझ्या चाळिशीला ते शोभत नव्हते आणि मला उंचीची भीती वाटते, तरी बसलो. वर गेल्यावर मैदानाकडेला मोटारींचे मोठे तळ दिसले. यजमान मित्राने बोट दाखवले. तिथे काळ्या कुटुंबांची स्वतःची घरे होती, 1960 च्या दशकाअखेर नगरपालिकेने सक्तीने घेऊन ती पाडली, गाड्या लावायला जागा हवी म्हणून. इतकी वर्षे तो तिथेच गाडी लावून जत्रेला येत होता. हे त्यालाही मागच्याच वर्षी कळले. म्हणून यंदा त्याने आम्हाला रेल्वेने आणले होते.

रात्री आबांना फोन केला. जत्रेचे ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाळण्यात बसलास?"

"बसलो."

"कितव्या फेरीला?"

"रांग होती आबा. नंबर आला तेव्हा बसलो."

"बरं," ते म्हणाले, आणि तिकडे जेवायला काय मिळते ते विचारू लागले.