मासळी गेली, बंदरे राहिली

एडिंबरोहून उत्तरेकडे निघालेली रेल्वे १८९० साली बांधलेल्या लाल रंगाच्या फोर्थ पुलावरून धडधडत जाते, तेव्हा खाली पसरलेले पाणी नदीचे की समुद्राचे, हे नवख्या प्रवाशाला पटकन कळत नाही. फोर्थ नदी इथे समुद्राला मिळते आणि तिच्या रुंद मुखाला 'फर्थ ऑफ फोर्थ' म्हणतात. उत्तर तीरावर फाइफ परगणा आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला ईस्ट न्यूक. स्कॉट भाषेत न्यूक म्हणजे कोपरा. एडिंबरोचा किल्ला आणि लॉख नेस सरोवर पाहून परतणाऱ्या पर्यटकांच्या वाटेवर हा कोपरा येत नाही, आणि त्यात त्यांचेच नुकसान आहे.

किनाऱ्याने गावागावांतून जाणारी जुनी रेल्वे १९६५ साली बंद झाली. २०२४ मध्ये लेव्हन गावापर्यंत गाडी पुन्हा सुरू झाली आहे. तिथून पुढे बस पकडायची. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी समुद्राच्या कडेने जाणारी पायवाट धरावी. एका हाताला शेते, दुसऱ्या हाताला काळे खडक, आणि तासाभराच्या चालीवर एकेक बंदर.

पहिले थांबण्याजोगे गाव लोअर लार्गो. इथल्या एका घराच्या भिंतीत, दगडी कोनाड्यात, कातड्याची वस्त्रे घातलेला माणूस उभा आहे. हा अलेक्झांडर सेलकर्क. १६७६ साली याच गावात जन्मलेला हा भांडखोर खलाशी कप्तानाशी वाजल्यामुळे १७०४ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर उतरला आणि चार वर्षांहून अधिक काळ तिथे एकटा राहिला. शाळेत वाचलेला रॉबिन्सन क्रूसो त्याच्यावरूनच सुचला, असे मानतात. सुटका होऊन तो गावी परतला खरा, पण रमला नाही. पुन्हा जहाजावर गेला आणि १७२१ साली समुद्रावरच मरण पावला.

पुढचे ईली हे वाळूच्या किनाऱ्याचे, सुखवस्तू गाव. तिथे टेकाडावर एक दगडी मनोरा आहे. अठराव्या शतकात लेडी जॅनेट अँस्ट्रदर यांना समुद्रस्नानाआधी कपडे बदलता यावेत म्हणून तो बांधला गेला. बाईसाहेब पाण्यात उतरायच्या वेळी गावात घंटा वाजवली जाई आणि लोकांनी तिकडे फिरकायचे नाही, असे सांगतात. कोळ्यांच्या बायका तेव्हा काय करत होत्या, हे मात्र मनोरा सांगत नाही. ते पुढच्या गावांत कळते.

सेंट मोनन्स गावात चौदाव्या शतकातले चर्च समुद्राच्या इतके जवळ आहे की वादळात लाटांचे तुषार कुंपणाच्या भिंतीवर येतात. आत छतापासून जहाजाची प्रतिकृती टांगलेली आहे. श्रद्धा होती, तशा समजुतीही होत्या. होडीवर डुक्कर हा शब्द कोणी उच्चारायचा नाही, पाद्र्याचे नावही काढायचे नाही; चुकून तोंडातून गेलेच, तर लगेच लोखंडाला हात लावायचा. रोज जिवावर उदार होऊन निघणाऱ्याला असा आधार लागतोच.

गावांची घरे मोठी देखणी. चुन्याने रंगवलेल्या भिंती, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारे त्रिकोणी माथे आणि लालभडक कौले. हॉलंडला माल घेऊन गेलेली जहाजे परतताना रिकामी डुलू नयेत म्हणून तळाशी कौले भरून आणत, असे म्हणतात. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला ती लाल छपरे पाहून क्षणभर घराची आठवण यावी. फक्त माडांच्या जागी बोचरा वारा.

हे सारे उभे राहिले ते हेरिंग नावाच्या बोटभर रुंदीच्या रुपेरी माशावर. अँस्ट्रदर गावातल्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयात हा इतिहास नीट मांडलेला आहे. १९६९ साली सुरू झालेले हे संग्रहालय घाईत पाहू नये. १९०२ साली बांधलेले 'रीपर' हे शिडाचे मासेमारी जहाज त्यांनी जतन केले आहे. पण मन अडकते ते मुलींच्या छायाचित्रांत.

मासेमार होड्या हेरिंगच्या मागे जात आणि होड्यांच्या मागे किनाऱ्याने या मुली जात. उन्हाळ्यात उत्तरेला शेटलंडपर्यंत, तर शरद ऋतूत खाली इंग्लंडमधल्या यार्मथपर्यंत. प्रत्येकीची एक पेटी, तिच्यात कपडे आणि विणकाम. तिघींची टोळी असे: दोघी मासे चिरून आतडी काढायच्या, तिसरी पिंपात मिठाचे थर देत मासे रचायची. सराईत मुलगी मिनिटाला चाळीस-पन्नास मासे साफ करी. सुरीने बोटे कापत आणि जखमेत मीठ जाई, म्हणून पहाटे उठून प्रत्येक बोटाला चिंध्या गुंडाळायच्या. अंगाला येणारा वास धुतल्याने जात नसे. तरीही त्या हसताना दिसतात, आणि चालता चालता हातात सुया असतात. नवरे, भाऊ, बाप यांच्यासाठी दाट विणीचे गडद निळे स्वेटर त्यांनीच विणले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घराबाहेर पडून स्वतःचे पैसे कमावता येतील, असे दुसरे काम या किनाऱ्यावर फारसे नव्हते.

पहिल्या महायुद्धाआधी खारवलेले हेरिंग जर्मनी आणि रशियाला पिंपे भरभरून जात. युद्ध आणि रशियन क्रांतीने ती गिऱ्हाइके तोडली. पुढे मासाच या खाडीत येईनासा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फाइफच्या हिवाळी हेरिंगचा हंगाम संपला तो संपलाच. निसर्गाचा लहरीपणा किती आणि माणसाची हाव किती, याचा वाद तेव्हापासून चालू आहे.

संग्रहालयात समुद्रात गेलेल्या मच्छीमारांच्या नावांच्या पाट्यांची एक खोली आहे. एकाच आडनावाच्या दोन-तीन पाट्या शेजारी दिसल्या की बाप-लेक की भाऊ-भाऊ, हे विचारायचे धैर्य होत नाही.

बाहेर आल्यावर जवळच्या दुकानात तळलेला हॅडॉक आणि बटाट्याचे काप घेऊन धक्क्यावर बसावे. सीगल पक्ष्यांपासून मात्र सांभाळून, ते हातातला घास पळवतात. एप्रिल ते सप्टेंबर या धक्क्यावरून मे बेटाकडे होड्या जातात. लाल-पिवळ्या चोचीचे पफिन पक्षी तिथे हजारोंनी घरटी करतात आणि ऑगस्ट लागता लागता समुद्रावर निघून जातात, म्हणून मे ते जुलै हा काळ उत्तम. कोळसा पेटवून जहाजांना वाट दाखवणारा स्कॉटलंडमधला पहिला दीप १६३६ साली याच बेटावर लागला. आजचा दीपस्तंभ १८१६ चा, रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याचा. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा नातू. तोही तरुणपणी बंदराच्या बांधकामावर शिकाऊ म्हणून अँस्ट्रदरला राहिला होता, पण त्याचे मन लेखणीतच होते.

मासेमारी अगदीच संपली असे नाही. शेजारच्या पिटनवीम बंदरात आजही होड्या लागतात. हेरिंग नव्हे, तर लँगोस्टीन नावाची मोठी कोळंबी, खेकडे आणि शेवंड त्यांतून उतरतात. २०१९ मध्ये या बंदराजवळ मच्छीमारांचे स्मारक झाले. त्यात होडी नाही, जाळे टाकणारा पुरुषही नाही. समुद्राकडे पाहणारी आई आणि तिचे मूल आहे.

किनाऱ्याच्या शेवटी क्रेल. १३१० साली रॉबर्ट द ब्रूस राजाने या गावाला सनद दिली. उतरत्या गल्लीच्या तळाशी असलेले त्याचे चिमुकले बंदर चित्रकारांनी किती वेळा रंगवले असेल, त्याला गणती नाही. तेच आता गावाच्या मुळावर येऊ पाहते आहे. शहरांतले पैसेवाले सुटीपुरती घरे घेतात, किमती वाढतात आणि गावात वाढलेल्या तरुण जोडप्याला घर परवडत नाही. जुलैत गल्लीत चालायला जागा नसते. जानेवारीत दुपारी चारलाच अंधार पडतो, तेव्हा एकेका रांगेत दोन-तीनच खिडक्यांत दिवे दिसतात. वर जुन्या नगरगृहाच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबडा नाही, मासा बसवलेला आहे.