पत्ता कोणाच्या नावावर?

कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीला इथे मुद्दाम ‘फील्ड हॉकी’ म्हणावं लागतं, नाहीतर समोरच्याला कळत नाही. गावोगावी नगरपालिकेची रिंक असते आणि हिवाळ्यात पहाटेपासून तिथे पोरांची गर्दी असते. पण कोणत्या पोराने कोणत्या संघाकडून खेळायचं हे ठरताना त्याचा खेळ नंतर बघतात, आधी त्याचा पत्ता बघतात. मूल ज्या गावात राहतं त्या गावच्या संघटनेत नाव नोंदवायचं. दुसऱ्या गावाकडून खेळायचं तर आपल्या संघटनेने ‘आमची हरकत नाही’ असं लिहून द्यायला हवं. अल्पवयीन मुलाचा पत्ता म्हणजे आईबापांचा पत्ता. प्रांतोप्रांती तपशील वेगळे आहेत, अलीकडे काही ठिकाणी नियम सैलही झालेत. टोरांटोच्या आसपासच्या लीगमध्ये तर वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलांना क्लब निवडायची मुभा आधीपासूनच आहे. पण बहुतेक लहान गावांनी वर्षानुवर्षं पाळलेली चौकट ही आहे.

हे वाचून तिकडचा एखादा कार्यकर्ता म्हणेल, आम्ही इथे पडताळणी समितीच्या दारात उभे आहोत आणि तुम्ही कॅनडात बसून पोरांच्या खेळाचं काय घेऊन बसलात? माझं म्हणणं असं की पडताळणी समितीच्या दारात उभं राहून जे शिकायला मिळतं, तेच इथे कामाला आलं.

आम्ही ऑन्टॅरिओत आलो तेव्हा एका घराच्या तळघरात भाड्याने राहत होतो. नव्याने आलेली निम्मी कुटुंबं तशीच राहतात. वीजबिल घरमालकाच्या नावावर, पाण्याचं बिल घरमालकाच्या नावावर, इंटरनेटसुद्धा त्याचंच. भाडं रोख. भाडेकरार मागितला की मालक गप्प, कारण तळघर भाड्याने दिल्याचं त्याने कुठे दाखवलेलंच नव्हतं. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. रिंक घरापासून चालत सात मिनिटांवर. शाळेतल्या पोरांबरोबर स्केटिंग शिकला, जुन्या सामानाच्या दुकानातून पॅड आणि हेल्मेट आणलं. आणि नोंदणीच्या टेबलावर यादी पुढे आली: मालमत्ता कराची पावती, नोंदवलेला भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल, यातले कोणतेही दोन कागद. वाहन परवाना चालणार नाही, कारण लोक त्यावर कोणाचाही पत्ता घालतात, असं सांगण्यात आलं. टेबलावरची बाई वागायला चांगली होती, हेही सांगायला हवं. तिचं म्हणणं एवढंच की नियम सगळ्यांना सारखा आहे.

नियम सगळ्यांना सारखा आहे. हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं, ते मला तिथेच आठवलं. मी बारावीत असताना वडील आणि मी जातीच्या दाखल्यासाठी फिरत होतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वी तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा आणा. ज्याच्या आजोबाच्या नावावर जमीन होती त्याने सातबाराचा जुना उतारा काढला की काम झालं. आमचा आजोबा भंडारा जिल्ह्यात दुसऱ्याच्या शेतावर राबलेला. ज्या झोपडीत राहिला ती गावाच्या कडेला, जागा कोणाची ते कोणी विचारलं नाही आणि कोणी लिहिलंही नाही. शाळेत तो गेलाच नाही. मग मोठ्या चुलत्याचा दाखल-खारीज उतारा, मग कोतवाल बुकाची नक्कल, मग त्या नकलेतलं नाव आणि आमचं आडनाव जुळत नाही म्हणून शपथपत्र. सात पिढ्या त्याच गावाच्या शिवेवर राहिलेल्या माणसाला ‘तू इथलाच कशावरून’ हे सिद्ध करावं लागलं, आणि काल तालुक्याला प्लॉट घेतलेल्याकडे कागद तयार होता.

म्हणून मला वाटतं की रहिवासाच्या नियमात दोन प्रश्न असतात. वरचा प्रश्न, तू राहतोस कुठे? आतला प्रश्न, तुझ्या नावावर काय आहे? पहिला प्रश्न निरुपद्रवी आहे. दुसऱ्या प्रश्नात मालमत्ता आहे, आणि मालमत्तेत इतिहास आहे.

हा इतिहास कॅनडालाही आहे, आणि हॉकीशी जोडलेला आहे. १८९५ साली नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्सच्या परिसरात कृष्णवर्णीय बाप्टिस्ट चर्चच्या लोकांनी स्वतःची हॉकी लीग उभी केली. गोऱ्यांच्या संघात त्यांना जागा नव्हती. या लीगमधला एक संघ होता आफ्रिकव्हिलचा ‘सी-साइड्स’. आफ्रिकव्हिल ही हॅलिफॅक्सच्या टोकाला, समुद्राकाठची कृष्णवर्णीयांची वस्ती. लोक शहराला कर भरत होते. शहराने त्यांना नळ दिला नाही, गटार दिलं नाही, पक्का रस्ता दिला नाही. वस्तीतून रेल्वेचे रूळ नेले आणि पुढे शेजारीच शहराचा उकिरडा आणून टाकला. आपल्यापैकी कोणाला हे नव्याने समजावून सांगायला नको. गावाचा उकिरडा कुठे असतो ते आपल्याला माहीत आहे. १९६०च्या दशकात ‘नागरी सुधारणे’च्या नावाखाली ती वस्ती पाडली. १९६७ साली एका रात्री चर्चसुद्धा पाडलं. लोकांचं सामान हलवायला शहराने कचऱ्याच्या गाड्या पाठवल्या. आणि भरपाई? ज्यांच्याकडे मालकीचा कागद होता त्यांना घराची काहीतरी किंमत मिळाली. ज्यांच्या चार पिढ्या तिथे जगल्या पण कागद नव्हता, त्यांच्या हातावर जेमतेम ५०० डॉलर टेकवले. २०१० साली हॅलिफॅक्सने माफी मागितली.

माझ्या मुलाच्या नोंदणीची आफ्रिकव्हिलशी बरोबरी मी करत नाही. त्या टेबलावर कोणी आम्हाला आमची जात विचारली नाही, रंगावरून बोललं नाही. पण ‘कागद नाही म्हणजे तू इथला नाहीस’ हा हिशोब कुठून आला आणि तो नेहमी कोणाच्या अंगावर येतो, हे ओळखायला आफ्रिकव्हिल माहीत असावं लागतं.

आता दुसरी बाजू. ती खरी आहे, म्हणून ती टाळून पुढे जाता येणार नाही. सीमा उठवल्या तर काय होतं? मोठ्या शहराचा श्रीमंत क्लब आजूबाजूच्या गावांतली चांगली पोरं नवव्या-दहाव्या वर्षीच उचलतो. लहान गावाचा संघ उभाच राहत नाही आणि मग त्या गावातल्या साध्या खेळणाऱ्या पोरालाही संघ उरत नाही. शिवाय क्लब निवडायची मुभा वापरतं कोण? ज्याच्याकडे गाडी आहे, दुसरी गाडीही आहे, आणि पहाटे साडेपाचच्या सरावाला पन्नास किलोमीटर जायला आईबापांपैकी एक जण मोकळा आहे. रात्रपाळीला गोदामात जाणाऱ्याचं पोर गावातल्या रिंकवरच खेळणार. खुल्या बाजाराला स्वातंत्र्य म्हणण्याची सवय आपल्या काही उच्चशिक्षित मित्रांनाही लागली आहे, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

बाबासाहेबांची या प्रश्नावरची भूमिका फार कमी लोक वाचतात. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सरकारी नोकऱ्यांतल्या समान संधीच्या कलमावर चर्चा झाली. तेव्हा मसुद्यात ते कलम १० होतं, आज ते १६ आहे. नोकरीत रहिवासावरून भेदभाव नको हे तत्त्व त्यांना मान्यच होतं. पण आज या प्रांतात, उद्या त्या प्रांतात, पाखरासारखं येऊन चांगली जागा पटकावून निघून जाणाऱ्यांना मोकळं रान देता येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे स्थानिकांचा हक्क त्यांनी उडवून लावला नाही. मात्र रहिवासाची अट घालायचा अधिकार प्रांतांच्या हाती न देता संसदेच्या हाती ठेवला, म्हणजे जागोजागी वेगळा खेळ होणार नाही. १९५७ साली संसदेने कायदा करून काही ठरावीक प्रदेश वगळता नोकऱ्यांमधल्या अशा अटी काढूनही टाकल्या. ज्या बाबासाहेबांनी त्याच महिन्यात, ४ नोव्हेंबरला, त्याच सभागृहात खेड्यांच्या कोत्या स्थानिकपणावर कोरडे ओढले होते, त्यांनी ही अट पूर्ण नाकारली नाही. ती स्थानिक बलवानाच्या हातात पडू नये याची व्यवस्था केली. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. सीमा असावी की नसावी यावर आपण भांडत बसतो, आणि ती सीमा उघडायची किल्ली कोणाच्या खिशात आहे हे विचारायचं राहून जातं.

हॉकीत ही किल्ली स्थानिक संघटनेच्या खिशात आहे. परवानगी द्यायची की नाही, कोणाचा कागद चालवून घ्यायचा, कोणाचा नाही, हे गावातलेच चार लोक ठरवतात. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण वेन ग्रेट्झकीचं. १९७५ साली, चौदाव्या वर्षी, त्याला ब्रँटफर्ड सोडून टोरांटोत खेळायचं होतं. गावातल्याच मोठ्या माणसांच्या मत्सराला तो कंटाळला होता. पालकत्वाचे कागद करून तो टोरांटोत दुसऱ्या कुटुंबाकडे राहायला गेला. तरी संघटनेने हरकत घेतली, वाद न्यायालयात गेला आणि शेवटी तो ज्युनियर बी संघात वयाने बऱ्याच मोठ्या मुलांबरोबर खेळू लागला. ग्रेट्झकीचा बाप श्रीमंत नव्हता, टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. पण टोरांटोत ओळखीचं घर होतं, वकील गाठता आला. तळघरातल्या माणसाकडे यातलं काय आहे? आमच्याच गावात एका कुटुंबाने शेजारच्या शहरात एक छोटा फ्लॅट भाड्याने घेतला, तिथे कोणी राहत नाही, पण बिल नावावर येतं. त्यांचं पोर तिकडच्या संघात खेळतं. नियमाने अडवलं कोणाला, ते बघा.

कायद्यात याला उत्तर सोपं नाही. आपल्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे. ‘निवास’ हा शब्द तिथे नाही, तो कलम १६(२) मध्ये आहे, म्हणजे फक्त सरकारी नोकरीपुरता. ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क संहितेतही मूळस्थान आहे, निवास नाही. १९९०च्या मर्री चंद्रशेखर राव निकालाने तर सांगितलं की एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला की तिथल्या सवलतींसाठी तो अनुसूचित राहत नाही. जात बरोबर येते, हक्क मागे राहतो. तो खटला मुंबईतल्या वैद्यकीय प्रवेशाचा होता.

‘आम्ही खासगी संघटना आहोत, आमचे नियम आमचे’ हे उत्तर मात्र टिकू देऊ नये. जस्टीन ब्लेनी नावाच्या टोरांटोतल्या मुलीला हेच सांगितलं होतं. तिची मुलांच्या संघात खेळावर निवड झाली होती, संघटनेने मुलगी म्हणून अडवलं, आणि प्रांताच्या संहितेतच खेळासाठी तशी पळवाट होती. १९८६ साली ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने ती पळवाटच घटनाबाह्य ठरवली. शिवाय रिंक म्हणजे शेवटी काय? सार्वजनिक पैशाने गोठवलेलं पाणी. १९२३ साली बोले ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ साली केला, तरी १९२७ साली बाबासाहेबांना लोक घेऊन तिथे जावं लागलं आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत ते तळं सार्वजनिक की खासगी यावर प्रतिपक्ष भांडत राहिला. पाणी नगरपालिकेचं, पण काठावर उभं कोण, हा प्रश्न आपल्याला जुना आहे.

माझ्या मुलाची त्या वर्षीची निवड चाचणी हुकली. पुढच्या हंगामात भाडेकरार असलेलं घर मिळालं आणि तो खेळू लागला. बरा खेळतो, फार नाही. तळघरांत राहणारी कुटुंबं मात्र वाढतच गेली. पंजाबी, फिलिपिनो, नायजेरियन, आपली दोन-चार. गेल्या वर्षी आम्ही चौदा पालकांनी मिळून संघटनेला आणि नगरपालिकेला पत्र दिलं. सीमा काढा असं आम्ही म्हटलेलं नाही. मागण्या तीन. मुलगा गावातल्या शाळेत जातो असं शाळेचं पत्र हाच रहिवासाचा पुरावा माना. दुसऱ्या गावी जायची परवानगी कोणत्या कारणांनी देता आणि नाकारता ते लिहून जाहीर करा, आणि नाकारलं तर अपील गावाबाहेरच्या समितीपुढे असू द्या. आणि रिंकचे सवलतीचे तास नगरपालिकेने द्यायचे तर ही अट करारातच घाला.

पहिली मागणी या हंगामापासून मान्य झाली. टेबलावर तीच बाई होती, तिने यादीत शाळेचं पत्र हाताने लिहून घेतलं. दुसरीवर संघटना म्हणते, आमचे लोक स्वयंसेवक आहेत, त्यांच्यावर अविश्वास का दाखवता? तिसरी नगरपालिकेच्या समितीपुढे येत्या महिन्यात आहे. आसपासच्या ज्या पालकांचं बिल दुसऱ्याच्या नावावर येतं, त्यांनी मला कळवावं. बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात आणि इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं.

जय भीम.