बातमीत राहिलेलं नाव

मागच्या आठवड्यात शहरात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम झाला. बातमी मीच केली. गायकांची नावं आली, निवेदकाचं आलं, तबला-ढोलकीवाल्यांची आली, सत्कार झालेल्या पाहुण्यांची तर सगळीच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "साहेब, बातमी चांगली झाली. सगळ्यांची नावं आली की ओ. कीबोर्डवर आमची पोरगी होती, तिचं तेवढं राहिलं बघा."

माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कीबोर्ड : एक मुलगी.' वीस वर्षं बातमीदारी करतोय आणि नाव विचारायचं सुचलं नाही. बाई गाणारी असली की आपण नाव विचारतो. वाजवणारी, चाल बांधणारीही बाई असू शकते, हे डोक्यातच नसतं.

त्याच कार्यक्रमात 'अछूत कन्या'मधलं गाणं झालं. अशोककुमार आणि देविकाराणीचं, ते चिडियावालं. टाळ्या पडल्या. निवेदकाने दोघांची नावं घेतली. चाल कुणाची, हे कुणी सांगितलं नाही, मीही लिहिलं नाही. ती चाल सरस्वतीदेवींची.

आणि हे नावसुद्धा त्यांचं मूळ नाव नाही. मूळ नाव खोर्शेद मिनोचर-होमजी. मुंबईच्या पारशी घरातल्या, जन्म १९१२चा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे शास्त्रीय संगीत शिकल्या. १९२७ साली मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, तिथे 'होमजी सिस्टर्स' म्हणून या बहिणींचे कार्यक्रम व्हायचे. खोर्शेद ऑर्गनवर, माणेक सतारीवर. आपल्या संगीत नाटकात पायाने भाता मारत वाजवायचा ऑर्गन असायचा ना, ते वाद्य.

हिमांशु रायनी त्यांना मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आणलं, संगीताची जबाबदारी दिली. १९३५ साली 'जवानी की हवा' आला. पारशी समाजात गदारोळ झाला : आपल्या घरच्या मुली सिनेमात? मुलींनी काम सोडलं नाही, नावं मात्र सोडावी लागली. खोर्शेदच्या सरस्वतीदेवी झाल्या, माणेकच्या चंद्रप्रभा. तरी सिनेमा लागला तो पोलीस बंदोबस्तातच.

काम काही सोपं नव्हतं. तेव्हा नटांनीच गायचं असायचं. अशोककुमार तर स्टुडिओच्या लॅबोरेटरीतून कॅमेऱ्यासमोर आलेले. ना ते गायक, ना देविकाराणी. त्यांच्या गळ्याला झेपतील आणि लोकांच्याही तोंडी बसतील अशा चाली बाईंनी बांधल्या आणि त्या दोघांकडून घोटून घेतल्या. सोपी चाल बांधायला किती शिकलेलं असावं लागतं, हे गाणाऱ्यांना विचारा. पुढे 'कंगन', 'झूला' आले, गाजले.

१९३६च्या 'जीवन नैया'साठी त्यांनी अशोककुमारकडून एक उदास गाणं गाऊन घेतलं होतं. १९६१ साली 'झुमरू'मध्ये किशोरकुमारने तेच पुन्हा गायलं. 'झुमरू'चे संगीतकार म्हणून नाव किशोरकुमारचं. आज ते गाणं सगळे किशोरचं म्हणूनच ओळखतात. सरस्वतीदेवी १९८० साली गेल्या.

आपल्या सोलापूरकरांना एका गोष्टीचा अभिमान आहे. ९ सप्टेंबर १९३८ रोजी मास्टर दीनानाथांबरोबर छोटी लता पहिल्यांदा मैफलीत गायली, ती इथे, सोलापुरात. पण याच लतादीदींनी 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' या सिनेमांना संगीत दिलं, तेव्हा पडद्यावर नाव आलं 'आनंदघन'. गायिका म्हणून देश ओळखत होता आणि संगीतकार म्हणून टोपणनाव, तेही पुरुषाचं वाटेल असं. कारणं दोघींची वेगळी असतील. पण चाल बाईची आणि नाव दुसरंच, हे दोन्हीकडे सारखंच.

तेव्हा नाव झाकायला समाजाचा दबाव लागत होता. आता माझ्यासारखा एक आळशी बातमीदार पुरतो.

काल त्या पोरीच्या घरी जाऊन आलो. चहा झाला. तिने कीबोर्डवर स्वतः बसवलेली एक चाल ऐकवली. मी नाव विचारलं, आडनावासकट स्पेलिंग विचारलं. हसली. "आता कशाला ओ, काका?" म्हणाली.

उद्याच्या अंकात दोन ओळींचा खुलासा येतोय. तिचं नाव इथे लिहीत नाही. चूक पेपरात झाली, तिथेच वाचा.